गोठा बांधण्यापूर्वी : ग्रामपंचायतीकडे परवानगीचा अर्ज

सुगी आटोपून हाती चार पैसे आले म्हणजे खेड्यापाड्यांतून बांधकामांना प्रारंभ होतो. कोणी पडवी वाढवितो, कोणी जुन्या गोठ्याचा पत्रा बदलून भिंती नव्याने उचलतो. विटा, वाळू, सिमेंट, गवंडी यांचा विचार महिनाभर आधीपासून चालतो. परवानगीचा विचार मात्र बहुधा पाया खोदून झाल्यावर, शेजाऱ्याने हरकत घेतल्यानंतर सुरू होतो. तोवर पैसा जमिनीत गेलेला असतो. एका हंगामाची सबंध शिल्लक अशा रीतीने अर्धवट जोत्यात अडकून पडलेली अनेक गावी पाहावयास मिळते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पूर्वीचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम) याच्या कलम ५२ अन्वये गावठाणात इमारत बांधण्यापूर्वी किंवा असलेली पुन्हा बांधण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घेणे आवश्यक आहे. परवानगीवाचून केलेले बांधकाम थांबविण्याचा, तसेच ते बदलण्यास वा पाडण्यास लेखी फर्मावण्याचा अधिकार पंचायतीस आहे. सार्वजनिक रस्त्यावर वा मोकळ्या जागेवर झालेल्या अतिक्रमणाचा विचार कलम ५३ मध्ये केलेला आहे. सरपंचांनी चावडीवर “बांधा, काही हरकत नाही” असे म्हटले म्हणजे परवानगी मिळाली, ही समजूत चुकीची आहे. परवानगी पंचायत देते, एक व्यक्ती देत नाही; आणि ती लेखी असते. सरपंच बदलतात, तोंडचा शब्द त्यांच्याबरोबर जातो.

अर्ज लिहिण्यापूर्वी एका प्रश्नाचा निर्णय करावा लागतो : जागा गावठाणात आहे की शेतजमिनीच्या गटात? शेतातील बांधकामाचा विचार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे होतो. त्या संहितेत ‘शेतावरील इमारत’ म्हणजे काय ते सांगितले आहे. अवजारे, खत, वैरण किंवा शेतमाल साठविण्याची जागा, गुरांचा निवारा, आणि धारकाचे कुटुंब, नोकर वा कुळे यांचे राहते घर, एवढ्यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेली इतर बांधकामेही तीत येतात. भाड्याने द्यावयाचे दुकान वा उपाहारगृह यांत बसत नाही, मग दारावर पाटी कोणतीही असो. शिवाय महानगरपालिका व नगरपरिषदा यांच्या हद्दीत व हद्दीलगतच्या ठराविक अंतरात शेतावरील इमारतीसही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शहरालगतच्या गावांतील शेतकऱ्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. तसेच प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातील बांधकामांना डिसेंबर २०२० पासून अमलात आलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू होते. ती आपल्या गावास कशी लागू आहे हे पंचायतीच्या सचिवास प्रथमच विचारून घ्यावे. यापुढील विवेचन गावठाणातील गोठ्यापुरते आहे.

मालकीच्या कागदांविषयी एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ च्या उताऱ्यावर नाव असले म्हणजे जागा आपली, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही आहे. कर कोणाकडून घ्यावयाचा हे ती सांगते. मालक कोण, हे ती ठरवीत नाही. अर्जासोबत हा उतारा जोडावाच, पण त्याच्या जोडीस मिळकत पत्रिका, सनद, खरेदीखत अथवा वाटणीपत्र यांपैकी जे असेल ते द्यावे. गावठाणातील जागांची मोजणी पूर्वी फारच थोड्या गावांत झालेली असल्याने असे कागद पुष्कळांजवळ नसत. पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. ज्या गावांत हे काम पूर्ण झाले आहे तेथील मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. पत्रिकेवर भावाचे, चुलत्याचे नाव सामाईक असल्यास त्यांची लेखी संमती आधीच घ्यावी. घरातील माणसाकडे कागद कसला मागावयाचा, असा संकोच अनेकांस वाटतो. पण तो संकोच पुढील दहा वर्षांच्या अबोल्यापेक्षा स्वस्त पडतो.

आता नकाशा. अर्जाचा हा आत्मा होय. नकाशा पंचायतीसाठी काढावयाचा, अशा भावनेने तो काढला जातो व म्हणून निरुपयोगी होतो. तो प्रथम स्वतःसाठी काढावा. समजा, एका शेतकऱ्याजवळ चार गाई आहेत व गावठाणात पूर्व-पश्चिम १२ मीटर आणि दक्षिणोत्तर ९ मीटर अशी जागा आहे. एका सेंटिमीटरास एक मीटर हे प्रमाण घेतल्यास कागदावर १२ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर असा आयत होईल. तो काढण्यापूर्वी जागेवर टेप धरून समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील तिरपे अंतर मोजावे. ते बरोबर १५ मीटर भरले तर कोपरे काटकोनात आहेत. कमीजास्त भरले तर जागा तिरकी आहे आणि नकाशाही तिरकाच काढला पाहिजे. गवंड्याचा तीन-चार-पाचचा गुण्या तो हाच. जागा तिरकी असून नकाशा चौकोनी काढला, की एका बाजूची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलीच म्हणून समजावे.

एका गाईस छपराखाली साडेतीन चौरस मीटर व उघड्यावर सात चौरस मीटर जागा लागते. चार गाईंना अनुक्रमे १४ व २८ चौरस मीटर झाली. प्रत्येक गाईच्या उभे राहण्यास १·२ मीटर रुंदी धरून एका रांगेचा गोठा पाच मीटर लांब व साडेतीन मीटर रुंद करता येईल. या रुंदीत गव्हाण, उभे राहण्याची जागा, मूत्राची नाली व मागील वाट बसते. त्यापुढे सात मीटर बाय चार मीटरचे मोकळे आवार. हे सर्व नकाशावर मांडून पाहिले म्हणजे दक्षिणोत्तर दिशेत केवळ दीड मीटर उरतो असे दिसेल. शेजाऱ्याच्या भिंतीपासून सोडावयाचे अंतर याच दीड मीटरातून काढावयाचे आहे. ते नियमाप्रमाणे किती हवे, हे पंचायतीत विचारून मगच भिंतीची रेघ ओढावी.

येथेच पागोळ्यांचा प्रश्न उभा राहतो. भिंत आपल्या हद्दीत असली तरी पत्रा दोन फूट बाहेर आला तर पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर पडते. गावठाणातील तंट्यांत पागोळ्यांच्या पाण्याने जेवढी घरे तोडली तेवढी बांधाच्या भांडणांनीही क्वचितच तोडली असतील. म्हणून नकाशात केवळ भिंती न दाखविता पत्र्याची कड तुटक रेघेने दाखवावी, उतार कोणत्या बाजूस आहे ते बाणाने दाखवावे, आणि पाणी नाल्यात कसे जाणार हेही दाखवावे. उतार आपल्याच आवाराकडे घेतल्यास पुष्कळदा हरकतीचे मूळच नाहीसे होते.

शेणखड्ड्याची जागाही याच वेळी ठरवावी. तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. वरील उदाहरणातील जागेजवळ विहीर असेल तर शेणखड्ड्यास आवारात स्थान नाही, तो शेतावरच न्यावा लागेल. ही गोष्ट कागदावर आखल्याशिवाय ध्यानात येत नाही. बांधकाम झाल्यावर ध्यानात आली तर उकिरडा रस्त्याच्या कडेला जातो, आणि मग पंचायतीची नोटीस येते.

नकाशात उत्तर दिशा, चारही बाजूंची मापे, चतुःसीमेवरील मिळकती, समोरील रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी, जुने बांधकाम व नवे बांधकाम ही निरनिराळ्या रेघांनी दाखवावी. जागा जिल्हा मार्गास वा राज्य मार्गास लागून असल्यास इमारत रेषेविषयी संबंधित बांधकाम खात्याकडे चौकशी करावी. गावातील रस्त्याचा हिशेब तेथे चालत नाही. अर्जाचा मजकूर थोडका पुरे : अर्जदाराचे नाव, मिळकत क्रमांक, चतुःसीमा, बांधकामाचा प्रकार व उपयोग, लांबी-रुंदी-उंची, भिंती व छप्पर कशाचे, सांडपाण्याची व्यवस्था. अर्ज व नकाशा यांतील मापे एक असावीत. नकाशाच्या तीन प्रती कराव्यात व एक स्वतःपाशी ठेवावी.

अर्ज हातोहात देऊन निघून येऊ नये. आवक नोंदवहीतील क्रमांक व तारीख घातलेली पोच घ्यावी. अर्ज पंचायतीच्या कोणत्या सभेपुढे येणार हे विचारावे. विलंब लागल्यास पोचेचा क्रमांक घालून लेखी स्मरणपत्र द्यावे. परवानगी नाकारली गेल्यास कारणांसह लेखी उत्तर मागावे, कारण वरिष्ठांकडे दाद मागावयाची तर हातात आदेशाची प्रत हवी. पुष्कळदा नकार संपूर्ण बांधकामास नसून एखाद्या मापास असतो, आणि नकाशा दुरुस्त करून दिल्यास काम होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळणे जरूर आहे. हद्दीचा वाद असताना “पंचायतीची परवानगी आणा म्हणजे जागा तुमची” असा सल्ला कोणास देऊ नये. परवानगीने मालकीचा निकाल लागत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे. अशा वेळी आधी मोजणीचा अर्ज द्यावयास सांगावे. शासकीय साहाय्यातून गोठा मंजूर झालेला असेल तेथेही हाच क्रम राखावा. अनुदानाची मुदत संपत आली म्हणून वादाच्या जागेवर घाईने पाया घालणे हे लाभार्थ्यास संकटात लोटणे होय.

परवानगी हाती आल्यावर तीतील अटी गवंड्यास वाचून दाखवाव्यात. खुंट्या ठोकून दोरी लावली म्हणजे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना बोलावून दोरी दाखवावी. जोत्यापर्यंत काम आले की पंचायतीच्या सचिवास जागेवर आणून मापे ताडून घ्यावी, कारण जोत्याची चूक दोन दिवसांत सुधारते, भिंतीची सुधारत नाही. काम पुरे झाल्यावर तसे लेखी कळवून नमुना ८ मध्ये नव्या गोठ्याची नोंद करून घ्यावी, आणि परवानगीचा कागद, मंजूर नकाशा व पोच ही मिळकत पत्रिकेबरोबर एकाच ठिकाणी ठेवावी.