‘प्रोक्रॅस्टिनेशन’ : शब्दात दडलेला ‘उद्या’

इंग्रजीतील काही शब्द उच्चारतानाच जीभ अडखळते. ‘प्रोक्रॅस्टिनेशन’ हा त्यांपैकीच एक. तो घोकण्यापेक्षा उकलून पाहिला, तर सहज स्मरणात राहतो. लॅटिन भाषेत ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘क्रास’ म्हणजे उद्या आणि ‘क्रास्टिनस’ म्हणजे उद्याचा. आजचे काम पुढे, उद्याकडे ढकलणे, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत यासाठी ‘चालढकल’ हा बोलका शब्द आहेच. भगवद्गीतेच्या १८व्या अध्यायात तामस कर्त्याच्या लक्षणांत ‘दीर्घसूत्री’ हे विशेषणही येते. इंग्रजी शब्दाच्या पोटात ‘उद्या’ दडलेला आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

मात्र प्रत्येक विलंब म्हणजे प्रोक्रॅस्टिनेशन नव्हे. साध्या सर्दीत मूल खेळते आहे, नीट खाते-पिते आहे, असे पाहून प्रतिजैविक न देता दोन दिवस लक्ष ठेवणे, ही विचारपूर्वक केलेली प्रतीक्षा होय. तिला मुदत असते आणि त्या मुदतीत काय पाहायचे, हेही ठरलेले असते. चालढकलीला मुदत नसते. असतो तो केवळ ‘उद्या’.

हा भेद बालरोगतज्ज्ञाला विशेष जाणवतो, तो मूल उशिरा बोलू लागते तेव्हा. ‘याचे वडीलही उशिराच बोलले’, ‘घरी मराठी, बाहेर हिंदी, म्हणून गोंधळतो’, असे इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या घरांत सहज म्हटले जाते. वस्तुतः दोन भाषा कानी पडल्याने भाषाविकासात दोष निर्माण होत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, किंवा २ वर्षांपर्यंत मूल स्वतः दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणी लांबवू नये. त्यात श्रवणचाचणी अवश्य असावी. नवजात बालकाची श्रवणचाचणी १ महिन्याच्या आत, दोषाचे निदान ३ महिन्यांच्या आत आणि उपचारांचा प्रारंभ ६ महिन्यांच्या आत व्हावा, असा दंडक आहे. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता आरंभीच्या वर्षांत सर्वाधिक असते. तो काळ निसटला की भरपाई कठीण.

म्हणून पालकांनी निःसंकोच विचारावे, ‘डॉक्टर, थांबायचे तर किती दिवस आणि काय पाहायचे?’ आपण वैद्यकांनीही ‘बघू पुढे’ असे न म्हणता चिठ्ठीवर पुढील तपासणीची तारीख लिहावी. तारीख असेल तर ती प्रतीक्षा. नसेल तर प्रोक्रॅस्टिनेशन.