आरसा नंतर घे, आधी वायर काढून घे

अगं, बाथरूमसाठी फोटो पाठवलास तो आरसा देखणाच आहे. पण बाई, नीट बघ, त्यात उजळलीये ती भिंत. त्याच्यापुढे उभी राहिलीस तर तुझं तोंड अंधारातच. आरशाच्या पाठीला रंगाचा थर असतो, त्यातून उजेड पुढे येत नाही. मागे लावलेल्या एलईडी पट्टीचा उजेड भिंतीवर पडून कडेने बाहेर येतो. रात्री उठल्यावर डोळ्यांवर न येणारा दिवा म्हणून तो झकास. पण लग्नाला निघताना तुला काजळ घालायचंय, जावईबापूंना दाढी करायचीय, तिथे त्याचा उपयोग नाही. त्यासाठी काचेवरच दुधी पट्टा असलेला घे, त्याचा उजेड सरळ चेहऱ्यावर येतो. दोन्ही असलेलेही मिळतात. आणि तू म्हणतेस तशा काळ्या चकचकीत टाइल्स लावणार असशील, तर मागच्या उजेडाची मजा संपलीच. काळा रंग तो गिळतो आणि चकाकीत पट्टीचा ठिपकान् ठिपका दिसतो. फिकट, मॅट टाइल्सवर तो छान पसरतो.

तुमच्याकडच्या आग्रा रोडला बघ किंवा इकडे जळगावात ये, दुकानदाराला आजूबाजूचे दिवे बंद करायला लाव. लाजू नकोस, पैसे आपण देतोय. मग आरशात कपाळावरचं कुंकू बघ. ते लाल न दिसता मातकट दिसलं, तर तो दिवा नको. खोक्यावर सीआरआय 90 किंवा जास्त लिहिलेलं असेल तर चांगलं. 6500 केल्विनचा पांढरा उजेड माणसाला आजारी दाखवतो, 3000चा पिवळा सगळ्यांनाच खुलवतो. 4000 खरं बोलतो.

टाइल्सवाला आता येईलच म्हणालीस ना? मग आरसा राहू दे, आधी वायरमनला बोलव. टाइल्स लागल्यावर झिरी मारायची म्हणजे नवी भिंत फोडायची, नाहीतर वरून पट्टी ठोकून वायर न्यायची. पॉइंट आरशाच्या मागे झाकला जाईल असा, पण हुकांच्या वाटेत न येणारा. वायरी तीन हव्यात. हिरवी अर्थिंगची असते, ती ‘काही गरज नाही ताई’ म्हणून सोडून देणारे भेटतील. तू ऐकू नकोस, ॲल्युमिनियमची फ्रेम आणि ओले हात आहेत तिथे. बटण बाथरूमच्या बाहेर. घराच्या मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर आरशाच्या आधी तो बसव, त्यात कंजुषी नको. आरसा आयपी 44चा घे, म्हणजे पाणी उडालं तरी आत शिरत नाही. तरी शॉवरपासून दोन फूट लांब असू दे. आपल्या घरातली माणसं तांब्याने आंघोळ करतात आणि निम्मं पाणी भिंतीला घालतात, ते तुला ठाऊकच आहे.

आतली पट्टी बहुधा 12 व्होल्टवर चालते. 230चे 12 करणारा जो ड्रायव्हर असतो, तोच सगळ्यात आधी जातो. वीज कमी-जास्त होते, त्यात आपल्याकडचा मे महिन्याचा उकाडा. म्हणून ‘ड्रायव्हर सुटा मिळेल का’ हे विकत घेण्याआधी विचार. आणि आरसा हुकांवर टांगूनच लाव. सिलिकॉनने चिकटवलास तर त्या एवढ्याशा ड्रायव्हरसाठी काच फोडावी लागेल. टाइल्सला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायला सांग, नाहीतर टाइल तडकते.

काचेवरचं टच बटण मला पटत नाही. ओल्या बोटाला ते दाद देत नाही, शिवाय लाइट जाऊन आली की कितीतरी आरसे बंदच राहतात. साधं बटण घे आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर घाल. 30 वॉटचा आरसा रोज दोन तास जळला तरी महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत.

वाफ न धरणारा आरसा दुकानदार गळ्यात मारेल. आपल्याकडे उन्हाळ्यात काचच एवढी तापते की वाफ धरत नाही, आणि थंडी ती डिसेंबर-जानेवारीची. तेवढ्यासाठी जास्त पैसे कशाला? घेतलाच तर त्याला वेगळं बटण हवं.

तुमच्याकडे बोअरचं पाणी, त्याचे पांढरे डाग पडणारच. रोज कोरड्या फडक्याने पूस. फरशीला ॲसिड टाकतेस ते मात्र बंद कर, त्याच्या वाफेनेच आरशाच्या कडा काळ्या पडतात.

उंचीचं मी फोनवर सांगणार नाही. रुंद, आडवी काच जावईबापूंच्या उंचीला लावलीस तर तुझ्या सासूबाईंना नुसतं कपाळच दाखवेल. उभा, दोन बाय तीन फुटांचा बघ. त्यांना आणि जावईबापूंना भिंतीपाशी उभं करून दोघांच्या डोळ्यांपाशी पेन्सिलीने खुणा कर, दोन्ही खुणा आरशात बसायला हव्यात. त्या खुणांची मापं पाठव, मग पॉइंट कुठे काढायचा ते ठरवू.