शब्दांचा अभ्यास : टाकणें आणि फेकणें

हातांतील वस्तु दूर करणें ही क्रिया एकच, पण तिला आपल्या भाषेंत शब्द पुष्कळ आहेत. ते एकमेकांच्या जागीं ठेवितां येत नाहींत, हें आपण आज पाहूं.

वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट तालुक्यांतील अल्लीपूर हें शेतकऱ्यांचें गांव. अशा गांवच्या शिवारांत ह्या शब्दांतील भेद सहज ध्यानांत येतो. राखणदार पांखरें हांकण्यासाठीं गोफणींतून दगड भिरकावितो, कारण त्यांत गरगर फिरविणें आहे. बैल मानेवरचें जूं झुगारतो, कारण त्यांत न जुमानणें आहे. लग्नांत अक्षता उधळतात, कारण त्यांत विखुरणें व आनंद आहे. एखादा मनुष्य कामांत स्वतःला झोंकून देतो, कारण त्यांत मागें न पाहणें आहे.

१. फेकणें. ह्या शब्दांत जोर आहे. म्हणूनच भालाफेक, गोळाफेक व थाळीफेक हीं खेळांचीं नांवें पडलीं. नीरज चोप्रा यानें २०२१ सालीं टोकियो येथें ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळविलें. तेथें ‘भाला टाकला’ असें कोणी म्हणणार नाहीं. शिवाय ह्या शब्दांत बेपर्वाईही आहे. जो मनुष्य तोंडास येईल तें बोलतो व बढाई मारतो, तो ‘फेकतो’ असें लोक म्हणतात.

इंग्रजी बोलींत ह्याच अर्थाचा ‘चक’ असा एक घरगुती शब्द आहे. सहज भिरकावून देणें हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून नोकरी सोडणें आणि प्रीतीचें नातें तोडणें हेही अर्थ निघाले. क्रिकेटच्या खेळांत तर तो आरोपाचा शब्द आहे. आपल्या मराठींत गोलंदाज चेंडू ‘टाकतो’. कोपर वांकवून झटक्यानें सरळ केलें, तर तो ‘फेकतो’ असें म्हणून दोष देतात. १९९५ सालीं मेलबर्न येथें पंच डॅरेल हेअर यांनीं श्रीलंकेच्या मुरलीधरन याचे चेंडू ह्याच कारणानें नोबॉल ठरविले आणि मोठा वाद झाला. पुढें मोजमापें झालीं, आणि २००५ पासून कोपर १५ अंशांपर्यंत सरळ होण्याची मोकळीक सर्वच गोलंदाजांस मिळाली.

२. टाकणें. हा शब्द सौम्य, आणि त्याचा संसार फार मोठा. गृहिणी तव्यावर भाकर टाकते, मूल पहिलें पाऊल टाकतें, साप कात टाकतो, पावसानें ओढ दिली म्हणजे पीक मान टाकतें. वजनदार मनुष्य आपल्यासाठीं शब्द टाकतो. ‘करून टाक’, ‘विकून टाक’ येथें तर टाकण्यासारखें कांहीं उरत नाहीं. काम एकदांचें संपवावें, एवढाच भाव उरतो.

आतां एक गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी आहे. आपण मित्रावर विश्वास टाकतों, आणि त्याच क्रियापदानें घरच्या माणसालाही टाकतों. पहिल्यांत स्वाधीन करणें आहे, दुसऱ्यांत त्यागणें. नवऱ्यानें सोडलेल्या स्त्रीस गांवांत ‘टाकलेली’ म्हणतात. व्याकरणाच्या दृष्टीनें हें कर्मणि विशेषण होय. ज्यानें टाकलें तो कर्ता ह्या शब्दांतून नाहींसा होतो, आणि जिला टाकलें तिच्याच कपाळीं शब्द कायमचा चिकटतो. वस्तु टाकली तर ती टाकाऊ ठरते. मनुष्य तसा ठरत नाहीं.

कायदा मात्र कर्त्यालाच विचारतो. ऐपत असून पत्नीचा सांभाळ करण्यास कोण चुकला, हा त्याचा प्रश्न. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ही तरतूद कलम १२५ मध्यें होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्यें आली आहे. स्वतःचा निर्वाह करूं न शकणारी पत्नी, मुलें आणि वृद्ध आईबाप ह्यांस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून दरमहा निर्वाहखर्च मागतां येतो.

म्हणून आपण बोलतांना वाक्यांत कर्ता परत आणावा. ‘ती टाकलेली आहे’ असें न म्हणतां ‘तिच्या नवऱ्यानें तिचा सांभाळ केला नाहीं’ असें म्हणावें. तेवढ्यानें तिचें दुःख हलकें होणार नाहीं, परंतु दोष ज्याचा त्याच्याकडे जाईल. ‘टाकून बोलणें’ हाही आपल्याच भाषेंतील प्रयोग आहे. तो निदान आपल्या तोंडून होऊं नये.

विचार करण्यासाठीं प्रश्न :

१. ‘फेकणें’ व ‘टाकणें’ ह्यांतील भेद दाखविणारीं दोन-दोन वाक्यें आपल्या शेतकामांतून द्या.

२. ‘विश्वास टाकणें’ आणि ‘आईबापांस टाकणें’ ह्यांत क्रियापद एक असून अर्थ कसा उलटतो?

३. कर्ता लपविणारे आणखी कोणते शब्द आपल्या गांवांत ऐकूं येतात?