मोठे चित्र, छोटी खूण

संगणक सुरू केला की त्याच्या पडद्यावर लहान लहान चित्रे ओळीने मांडलेली दिसतात. कोठे कागद ठेवण्याचा कप्पा, कोठे पत्राचे पाकीट, तर कोठे केराची टोपली. या चित्रांना ‘आयकॉन’ म्हणतात. अक्षरओळख नसलेले मूलही आयकॉन पाहून हवी ती गोष्ट शोधून काढते.

१९८४ साली अमेरिकेतील ॲपल कंपनीने मॅकिंटॉश हा संगणक विक्रीस आणला. त्याचे आयकॉन सुसान केअर या चित्रकर्तीने काढले. एका आयकॉनसाठी आडवे ३२ व उभे ३२, असे अवघे १०२४ ठिपके त्यांना मिळत. त्यांनी चौकटींचा कागद घेतला आणि एकेक चौकोन भरीत किंवा कोरा ठेवीत चित्रे सिद्ध केली.

आज कॅमेऱ्याने टिपलेल्या छायाचित्रापासूनही आयकॉन करता येतो. छायाचित्र हेही रंगीत ठिपक्यांचेच बनलेले असते. या ठिपक्याला ‘पिक्सेल’ असे नाव आहे. ४००० पिक्सेल रुंद व ३००० पिक्सेल उंच अशा छायाचित्रात १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. त्यांचे काम १०२४ पिक्सेलांकडून करवून घ्यावयाचे, तर नुसते लहान करून कसे भागेल?

समजा, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाचे छायाचित्र आपल्याजवळ आहे. १९२४ साली पूर्ण झालेली ती भव्य वास्तू, उडणारी कबुतरे, माणसांची वर्दळ आणि पायथ्याशी उभी असलेली आपली आजी, असे सर्व काही त्यात आले आहे. ते जसेच्या तसे लहान केले, तर कबुतरे नाहीशी होतील, माणसांचे डाग होतील आणि वास्तूही ओळखू येणार नाही. म्हणून आधी निवड करावी. मधली उंच कमान ही या वास्तूची ओळख होय. तेवढा भाग ठेवून बाकीचा कापावा व चित्र चौरस करावे. मागचे आकाश पुसून ती जागा पारदर्शक करावी. उजेड व सावली यांतील भेद वाढवावा, म्हणजे कमानीची कड उठून दिसेल.

विंडोज संगणकावर आयकॉनची फाइल ‘आयसीओ’ प्रकारची असते. छायाचित्राची फाइल बहुधा ‘जेपेग’ प्रकारची असते. तिच्या नावाच्या शेवटी नुसते आयसीओ लिहिल्याने आयकॉन तयार होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली, तर आतल्या तांदळाचे गहू होतात काय? गिंपसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमधून ते चित्र आयसीओ म्हणून नव्याने साठवावे लागते. या एकाच फाइलीत १६, ३२, ४८ व २५६ पिक्सेल मापांची चित्रे एकत्र ठेवता येतात. जागा पाहून संगणक त्यांतील योग्य ते दाखवितो. १६ पिक्सेलांच्या चित्रातून मात्र आणखी काही बारकावे गाळावेत.

एक दक्षता अवश्य घ्यावी. मूळ छायाचित्र तसेच जपून ठेवावे आणि त्याच्या प्रतीवर काम करावे. लहान करताना गळालेले पिक्सेल चित्र पुन्हा मोठे केल्याने परत येत नाहीत. आयकॉनला आजीच्या चेहऱ्याची गरज नसते, आपल्याला असते.

मुलांनो, उताऱ्याचा सारांश लिहितानाही आपण असेच करतो. मुख्य विचार ठेवतो, बाकीचे गाळतो. पण म्हणून कोणी मूळ पुस्तक फाडून टाकीत नाही.

स्वाध्याय
१. छायाचित्र नुसते लहान केल्याने चांगला आयकॉन का होत नाही?
२. ‘डब्यावरची चिठ्ठी’ हा दृष्टांत लेखकाने कशासाठी दिला आहे?
३. चौकटींच्या वहीत आडवे १६ व उभे १६ चौकोन आखा. आपल्या गावातील एखादी वास्तू ओळखू येईल, अशा रीतीने ते भरा.