झाकण लावून झोपणारी

प्रश्न : आमच्या सोयाबीनवर शंखी गोगलगायी पडतात. वेचून वेचून हात थकले. भाचा म्हणतो, याच गोगलगायी फ्रान्समध्ये चवीने खातात. खरं का? आणि तिकडच्या बर्फात त्या जगतात कशा?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : भाच्याचं निम्मं खरं. खातात, पण ‘याच’ नव्हे. तुमच्या शेतातली शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची, लांबट निमुळत्या शंखाची. फ्रान्समध्ये बरगंडी प्रांताच्या नावाने मिरवते ती हेलिक्स पोमेशिया. तिचा शंख गोल गरगरीत, फिकट बदामी, तीन ते पाच सेंटिमीटरचा. शंख बांधायला चुना लागतो, म्हणून चुनखडीच्या जमिनीत, द्राक्षमळ्यांच्या बांधाला ती सापडते. लोणी, लसूण आणि पार्सली भरून तिला शंखातच भाजतात.

आता बर्फाचं. ‘पोमेशिया’ म्हटलं की फ्रेंच येणाऱ्याला सफरचंद आठवतं, पण हे नाव झाकण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे. थंडी जवळ आली की ती मातीत शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोंडाशी चुनामिश्रित चिकट स्राव सोडते. तो वाळून खडूसारखं पांढरं, टणक झाकण तयार होतं. थंडी आत शिरत नाही, अंगातलं पाणी बाहेर जात नाही; श्वासापुरती हवा मात्र झाकणातल्या बारीक छिद्रांतून मिळते. हृदयाचे ठोके अगदी मंदावतात. वसंतात झाकण ढकलून ती बाहेर येते. पुढच्या हिवाळ्यात झाकण नवं!

माणसाने या झोपेचाही धंदा केला. झाकणबंद गोगलगाय महिनोन्‌महिने चाऱ्यावाचून टिकते. त्यामुळे बर्फपेट्या नव्हत्या त्या काळी दक्षिण जर्मनीतल्या उल्म गावाहून त्या डॅन्यूब नदीतून होड्या भरभरून व्हिएन्नाला जात. ख्रिस्ती उपवासात मांस चालत नसे, गोगलगाय चाले. उपवासाच्या पळवाटा काही आपल्याच साबुदाण्यापुरत्या नाहीत.

ही गोगलगाय मोठी व्हायलाच दोन ते पाच वर्षं घेते. बेसुमार वेचली तर संपेल, म्हणून फ्रान्समध्ये १ एप्रिल ते ३० जून ती वेचायला बंदी आहे आणि तीन सेंटिमीटरहून लहान तर कधीच उचलायची नाही. इंग्लंडमध्ये २००८ पासून रानातली वेचणं हाच गुन्हा. तुमची शंखी मात्र काही महिन्यांतच वयात येते आणि एका खेपेला शंभरावर अंडी घालते.

तेव्हा तुम्ही खुशाल वेचा, पण हातमोजे घालून. तिच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतात. वेचलेल्या गोगलगायी साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ शेतात पसरू नका, जमीन खराब होते. आणि भाच्याला फ्रेंच पाककृती बांधावर करून बघू देऊ नका.