भातखाचरांतून गेलेली रेल्वे

जपानमधील ओसाका हे सूतगिरण्यांचे शहर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील गिरण्यांना लागणारा पुष्कळसा कापूस आपल्या मुंबई बंदरातून जात असे. त्यासाठीच जमशेटजी टाटा आणि एक जपानी कंपनी यांनी १८९३ साली मुंबई ते कोबे अशी आगबोटींची वाहतूक सुरू केली होती. गिरण्या वाढल्या, धुराडी वाढली आणि ओसाकाचे आकाश काजळून गेले. लोक त्याला ‘धुराची नगरी’ म्हणू लागले.

१९०७ साली कोबायाशी इचिझो नावाचे चौतीस वर्षांचे गृहस्थ या शहरात बिऱ्हाड घेऊन आले. बँकेतील चांगली नोकरी सोडून ते एका नव्या पेढीच्या कामासाठी आले होते. पण त्याच सुमारास शेअरबाजार कोसळला, पेढी निघालीच नाही आणि कोबायाशी बेकार झाले.

त्या वेळी काही मंडळींनी एक विजेची रेल्वे बांधण्याचा बेत केला होता. ओसाकातील उमेदा येथून निघून ती मिनो व ताकाराझुका या गावांना जायची होती आणि पुढे डोंगर ओलांडून आरिमाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपर्यंत पोहोचायची होती. म्हणून कंपनीच्या नावातही मिनो आणि आरिमा ही दोन्ही नावे घातली होती. मात्र जवळजवळ निम्मे भाग कोणी विकत घेईना. लोकांचे तरी काय चुकले? मिनोला एक धबधबा, ताकाराझुकाला स्नानाची कुंडे आणि मध्ये नुसती खेडी व भातखाचरे! अशा गाडीत रोज बसणार कोण?

कंपनी मोडावी, असे बोलणे सुरू झाले. तेव्हा कोबायाशी पुढे आले. कंपनी बुडालीच, तर तोवर झालेला खर्च आपण सोसू, अशी त्यांनी हमी दिली. स्वतःला नोकरी नसलेल्या माणसाने अशी हमी द्यावी, हे धाडस म्हणावे की अविचार? हा वृत्तान्त प्रथम वाचला तेव्हा मला तरी तो अविचारच वाटला होता.

परंतु कोबायाशी या नियोजित मार्गावरून दोनदा पायी हिंडले होते. हवा स्वच्छ होती, पाणी चांगले होते, जमीन स्वस्त होती. त्यांच्या मनात आले, येथे उतारू नाहीत हे खरे; मग उतारूंनाच येथे राहावयास का आणू नये? रेल्वे बांधण्याआधीच कंपनीने रुळांच्या कडेची जमीन घेऊन ठेवली. १० मार्च १९१० रोजी गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा येथे सुमारे दोनशे घरांची वसाहत विक्रीस निघाली. घराची किंमत एकदम देणे पगारदार माणसाला कोठून परवडणार? म्हणून दहा वर्षे दरमहा हप्ता भरण्याची सोय ठेवली. कारकून, शिक्षक, व्यापारी पेढ्यांतील नोकर अशी माणसे धुरातून बाहेर पडून येथे राहू लागली. गिरणीत राबणाऱ्या मजुराला मात्र ही घरे परवडण्यासारखी नव्हती, हेही सांगितले पाहिजे.

मुलांनो, आता एक अडचण पाहा. सकाळी सारे लोक शहराकडे जाणार, म्हणजे उलट दिशेची गाडी रिकामी धावणार. रविवारी तर दोन्हीकडच्या गाड्या रिकाम्या! गाडी रिकामी असली, म्हणून वीज काही फुकट मिळत नाही. यावर तोडगा म्हणून कोबायाशींनी दुसऱ्या टोकाला, ताकाराझुकाला, करमणुकीची स्थळे उभारली. त्यांतील एक बेत पार फसला. त्यांनी मोठ्या हौसेने बंद इमारतीत पोहण्याचा तलाव बांधला. पण आत ऊन येईना, पाणी गारठून जाई आणि पोहायला कोणी उतरेना. मग त्या तलावावर फळ्या टाकून प्रेक्षकांची जागा केली, कपडे बदलण्याच्या जागेचा रंगमंच केला आणि १ एप्रिल १९१४ रोजी तेथे मुलींच्या संगीतनाटकाचा पहिला प्रयोग झाला. केवळ स्त्रियांची ती ताकाराझुका नाटकमंडळी आजही प्रयोग करते. २०१४ साली तिला शंभर वर्षे झाली.

आरिमाचे डोंगर मात्र ही रेल्वे कधीच ओलांडू शकली नाही. पुढे कोबेकडे मार्ग काढायचे ठरले, तेव्हा १९१८ साली कंपनीने नाव बदलले. त्याच नावाचे संक्षिप्त रूप ‘हान्क्यू’. कोबेची गाडी १९२० साली सुरू झाली. तिच्या जाहिरातीत कोबायाशींनी काय लिहावे? गाडी स्वच्छ आहे, वेगवान आहे आणि अगदी रिकामी आहे! ज्या रिकामेपणाची इतरांना लाज वाटली असती, त्याचेच त्यांनी आमिष केले.

१९२९ साली उमेदा स्थानकालाच लागून त्यांनी मोठे बहुवस्तुभांडार उघडले. वरच्या मजल्यावर उपाहारगृह होते. ते मंदीचे दिवस होते. काही तरुण नुसता भात मागवीत आणि मेजावरचा सॉस त्यावर ओतून पोट भरीत. इतर ठिकाणी अशा गिऱ्हाइकांना नकार मिळे. कोबायाशींनी मात्र नुसता भात मागणाऱ्यांचेही स्वागत आहे, अशी सूचना लावली. आज हे गरीब आहेत; उद्या संसार थाटतील आणि मुलांना घेऊन येथेच येतील, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब व्यापाऱ्याचा की सहृदय माणसाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईहून कुर्ल्याला आपल्या देशातील पहिली विजेची गाडी धावली. ती जी. आय. पी. रेल्वेही तेव्हा कंपनीच चालवीत होती. त्याच वर्षी सरकारने तिचा कारभार हाती घेतला. हान्क्यू आजही खाजगी कंपनीच आहे. कोबायाशी १९५७ साली वारले. उमेदाहून कोबे, ताकाराझुका आणि क्योतो या तीन दिशांना जाणाऱ्या तिच्या तांबूस-तपकिरी गाड्या जूसो स्थानकापर्यंत शेजारशेजारच्या रुळांवरून धावतात आणि तेथून पुढे वेगवेगळ्या वाटांना लागतात.