जिभेखालची गोळी गिळू का नये?

"डॉक्टरानु, गोळी गिळलंय, पण कळ काय जाऊक नाय." मालवण-वेंगुर्ल्याकडे ही तक्रार नवीन नाही. जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी पाण्याबरोबर गिळल्याने काय बिघडते, याचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांनी दिले आहे.

या गोळीतील औषध म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. गिळलेले औषध आतड्यात शोषले जाते व तेथून प्रथम यकृतात जाते. यकृत हे शरीराचे जकात नाकेच समजा. 1972 साली अमेरिकेत फिलिप नीडलमन व सहकाऱ्यांनी नायट्रेट औषधांवर उंदरांमध्ये केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. ग्लुटाथायोन या पदार्थाच्या मदतीने यकृतातील विकर औषधातील नायट्रेटचे गट तोडते, आणि तेही इतक्या झपाट्याने की यकृतापलीकडे मूळ औषध फारसे उरत नाही. तेव्हा नायट्रेट गिळायला देण्यात अर्थ नाही, असे त्यांनी म्हटले.

परंतु उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. माणसाच्या यकृतातून काही औषध निसटते. शिवाय एक गट गळाल्यावर उरणारे मोनोनायट्रेट अगदीच निकामी नसते. त्याचा जोर कमी, पण टिकाऊपणा जास्त. रक्तातील डायनायट्रेट सुमारे तासाभरात निम्मे होते, 5-मोनोनायट्रेटला मात्र पाचेक तास लागतात. आज तेच स्वतंत्र औषध म्हणून मिळते आणि ते गिळायचेच असते, कारण पहिल्या फेरीत यकृत त्याला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून 'मोनो' आणि 'डाय' यांची अदलाबदल करू नये.

गंमत अशी, की रक्तवाहिनीच्या भिंतीत हीच मोडतोड हवी असते. तेथे नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन वाहिनी सैलावते. नायट्रोग्लिसरीन या भावंड-औषधासाठी हे काम करणारे एक विकर 2002 साली सापडले. दारू पचवण्यातही तेच विकर राबते! ते नसलेल्या उंदरांवर नायट्रोग्लिसरीनच्या लहान मात्रेचा परिणाम होत नाही, असे 2005 साली दिसले.

जिभेखालचे रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जाते. त्यामुळे तेथे विरघळलेली गोळी काही मिनिटांत लागू पडते. गिळलेलीला बराच अधिक वेळ लागतो, आणि ऐन कळेत तेवढी सवड नसते. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच ही गोळी घ्यावी आणि बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून भोवळ येते. पाच मिनिटांत कळ न थांबल्यास 108 ला फोन करावा. सिल्डेनाफिलसारखी गोळी घेतली असल्यास न लाजता आधी सांगावे. दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली जातो.